रेघेचा आवाज

मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली. बचत गोळा झाली, हप्ते आले, वहीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या. बायका उठायच्या आधी मी पिशवीतून एक पुठ्ठा, एक पेन्सिल आणि एक स्पीकर काढला. पुठ्ठ्याच्या मागं रुपयाएवढी पितळी चकती चिकटपट्टीनं लावली होती आणि तिची वायर स्पीकरला जोडली होती. मी म्हटलं, "आक्का, तुमची सही पुन्हा एकदा करा, पण या पुठ्ठ्यावर."

आक्का आमच्या गटात सगळ्यात थोरल्या. अंगठा सोडून सही करायला शिकल्या तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. त्यांनी पेन्सिल टेकवली मात्र, आणि स्पीकरमधून 'खर्रर्र' असा आवाज आला. त्यांनी पेन्सिल टाकूनच दिली.

"मोडलं का गं काही?" त्यांचा पहिला प्रश्न हा.

कशाचा आवाज, कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही. आपण काहीतरी मोडलं, हेच आधी मनात आलं. त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण माझंही तसंच होतं. मी पहिल्यांदा रेडिओवर बोलायला गेले, तेव्हा समोरच्या यंत्रावर कितीतरी बटणं होती. मी एकाला हात लावायला गेले तर तिथला पोरगा म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त बोला." पुढं दोन वर्षं मी फक्त बोलले. बी.ए. झालेली मी, गटांची हिशेबाची सॉफ्टवेअरं चालवते, पण त्या बटणांना हात लावला नाही.

तर आज बोलायचंय ते चित्र काढायच्या सामानातून आणि विजेवर चालणाऱ्या वाद्यांतून, समोरच्या समोर, आयत्या वेळी आवाज कसा उभा करतात त्याबद्दल. परदेशात आणि आपल्याही मोठ्या शहरांत अशा मैफिली होतात. एक जण कागद, पेन्सिल, कोळसा, ब्रश घेऊन बसतो. दुसरा बटणांची यंत्रं घेऊन बसतो. गाणं ठरलेलं नसतं, ताल ठरलेला नसतो. चित्र काढताना जो आवाज होतो तो पकडायचा, मोठा करायचा, लांबवायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा. ऐकणारे समोर बसलेले असतात. शेवटी कागदावर चित्र उरतं आणि आवाज हवेत विरून जातो. ऐकायला हे खुळ्यासारखं वाटेल. मलाही वाटलं होतं.

आधी त्या चकतीची गोष्ट. आपल्या स्वयंपाकघरात गॅसचा लायटर असतो. 'टक' केलं की ठिणगी पडते. त्यात सेल नसतो, वायर नसते, तरी ठिणगी कुठून येते? आत एका खास पदार्थाचा तुकडा असतो. बटण दाबलं की स्प्रिंगवरची हातोडी त्याच्यावर आपटते आणि त्या धक्क्यानं त्यात वीज तयार होते. काही खड्यांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे फ्रान्समधल्या पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. पुढं पिएरची बायको झालेल्या मेरी क्युरीनं रेडियमच्या शोधात याच खुबीवर चालणारं मोजमापाचं यंत्र वापरलं. असो, तो वेगळा विषय.

आपल्या चकतीत तीच खुबी आहे, फक्त नाजूक. पितळेच्या पत्र्यावर पांढऱ्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. याला पीझो म्हणतात. पेन्सिल कागदावर घासली की पुठ्ठा थरथरतो, पुठ्ठा थरथरला की चकती थरथरते, आणि प्रत्येक थरथरीला चिमूटभर वीज वायरीतून स्पीकरकडं जाते. स्पीकर ती मोठी करून ऐकवतो. उलटंही होतं. चकतीला वीज दिली तर ती वाजते. पोरांच्या खेळण्यातलं 'पीं पीं' बहुतेक वेळा असल्याच चकतीचं असतं.

आपण बोलतो तो माइक हवेतला आवाज ऐकतो. ही चकती हवेतलं जवळजवळ काहीच ऐकत नाही. पोरं ओरडू देत, बाहेर ट्रॅक्टर जाऊ दे, तिला पत्ता नसतो. तिला कळतं ते ज्याला ती चिकटली आहे त्याच्या अंगातलं. रुळाला कान लावला की लांबची गाडी ऐकू येते म्हणतात ना, तसं. म्हणून एवढ्याशा पेन्सिलीचा आवाज स्पीकरमधून नांगर ओढल्यासारखा येतो.

कुठल्या वस्तूचा आवाज कसा, हे बघायला आम्ही दोन दुपारी घालवल्या. कामं पडली होती, हे कबूल. शाळेची नेहमीची पेन्सिल कडक, तिचा आवाज बारीक आणि कोरडा, वाळक्या पानांवरून सरडा पळावा तसा. चित्रकलेच्या दुकानातली ६बी पेन्सिल मऊ असते, तिचा आवाज जाड आणि दबका. कोळसा मध्येच तुटतो आणि 'कट' वाजतो, तो तुटण्याचा आवाज सगळ्यांना फार आवडला. खडू पाटीवर उभा धरला तर किंचाळतो, आडवा धरला तर कुजबुजतो. खोडरबर धापा टाकल्यासारखं वाजतं. कोरडा ब्रश म्हणजे लांबची झाडलोट, आणि तोच ओला केला की आवाज जवळजवळ नाहीसाच होतो. एकीनं रांगोळीची चिमूट पुठ्ठ्यावर सोडली. मैत्रिणींनो, पत्र्यावर पावसाची पहिली सर आली असंच वाटलं. वरून सोडली तर जोराचा पाऊस, खालून सोडली तर भुरभुर. रोज उंबऱ्यापुढं रांगोळी घालतो, पण ती पडताना वाजते हे चाळिशीपर्यंत एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

दुसरी तऱ्हा याहून नवलाची. तिच्यात पेन्सिलीची रेघच वायर होते. पेन्सिलीत शिसं असतं असं आपण म्हणतो, पण ते शिसं नव्हे. ते ग्रॅफाइट, कार्बनचाच एक प्रकार, मातीत कालवून भाजलेला. ग्रॅफाइटमधून वीज जाते. म्हणजे कागदावर दाट रेघ ओढली तर ती कागदावरची वायरच झाली, जरा कमकुवत एवढंच. ६बी पेन्सिलीत ग्रॅफाइट जास्त आणि माती कमी, म्हणून या कामाला ती चांगली. मेणाचे खडू, बॉलपेन इथं चालत नाहीत. चुलीतला कोळसाही बहुधा गप्प बसतो.

या रेघेला ५५५ नावाची एक बारकी चिप जोडतात. १९७२ साली बाजारात आली, अजून दहा-पंधरा रुपयांत मिळते. तिचं काम रहाटाच्या गाडग्यासारखं समजा. पाणी येतं, गाडगं भरतं, ओततं, रिकामं होतं, पुन्हा भरतं. इथं पाण्याच्या जागी वीज, आणि दर भरण्या-ओतण्याला स्पीकरमध्ये एक 'टक'. सेकंदाला पाच-सहा 'टक' झाले तर आपण ते मोजू शकू. पण सेकंदाला दोनशे-चारशे झाले की आपल्या कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, सलग सूर ऐकू येतो. आता रेघ म्हणजे गाडग्याकडं येणारा पाट. पाट लांब आणि अरुंद असेल तर वाटेत अडथळा जास्त, धार बारीक, गाडगं सावकाश भरतं, सूर खाली उतरतो. पाट आखूड आणि रुंद असेल तर गाडगं भराभर भरतं, सूर वर चढतो. म्हणून रेघ लांबवत गेलं की सूर खाली खाली जातो, आणि तीच रेघ दोन-तीनदा गिरवून जाड केली की वर येतो. चित्र काढता काढता सूर बदलतो तो असा. जे सिल्व्हर नावाच्या अमेरिकन संशोधकानं ही युक्ती पेन्सिलीलाच बांधून टाकली आणि तिला 'ड्रॉडिओ' नाव दिलं.

या खेळात माणसाचं अंगही वायर होतं. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताचं बोट रेघेवर, की फेरा पुरा झाला. दोघींनी हात धरले, एकीकडं पेन्सिल, दुसरीचं बोट कागदावर, तरी वाजतं. घामेजलेला हात असेल तर सूर चढतो. आम्ही सात जणींनी हात धरून पाहिलं. सातव्या जणीपर्यंत आवाज फारच खालचा, घरघर झाला, पण आला. मधल्या एकीनं हात सोडला की एकदम शांत. हे मात्र लिहून ठेवा: फक्त सेलवर. घड्याळाचा सेल किंवा नऊ व्होल्टची छोटी बॅटरी, बस. भिंतीतल्या विजेला जोडलेली कुठलीही वस्तू या खेळात अंगाला लावायची नाही, मोबाईलचा चार्जर लावूनसुद्धा नाही. पोरं बघत असतात, ती मागं लागून करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता एका बाईची गोष्ट सांगते, कारण ती आपल्यासारखीच रेडिओवरची. डॅफ्नी ओरम तिचं नाव, इंग्लंडची, जन्म १९२५. संगीताच्या मोठ्या कॉलेजात जागा मिळत होती, ती सोडून १९४२ साली बीबीसी रेडिओत यंत्रांच्या कामाला लागली. महायुद्ध चालू होतं. सभागृहातून गाण्याचा थेट कार्यक्रम चालू असताना तिनं तीच रेकॉर्ड बरोबरीनं तयार ठेवायची, म्हणजे बॉम्बहल्ल्यानं कार्यक्रम थांबला तरी ऐकणाऱ्यांना खंड कळू नये. विशीच्याही आतल्या मुलीचं हे काम.

पुढं टेपरेकॉर्डर आले. आवाज कापून, जोडून, उलटा फिरवून नवंच काही करता येईल हे तिला दिसलं, पण दिवसा यंत्रं दुसऱ्यांच्या कामात. मग ती रात्री थांबायची. वेगवेगळ्या खोल्यांतली यंत्रं ढकलत एका ठिकाणी आणायची, रात्रभर प्रयोग करायची आणि सकाळी लोक यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवायची. पाहुणे उठायच्या आत अंगण झाडून मोकळं होणाऱ्या आपल्या बायकाच आठवतात मला. वर्षानुवर्षं मागं लागल्यावर १९५८ साली बीबीसीनं रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू केलं. रेडिओ-नाटकांना लागणारे चमत्कारिक आवाज तिथं तयार व्हायचे. डेस्मंड ब्रिस्को यांच्याबरोबर ते उभं करणारी ओरम वर्षभरातच तिथून बाहेर पडली. तिला नुसते नाटकाचे आवाज करायचे नव्हते, संगीत करायचं होतं.

केंट भागातल्या एका जुन्या भट्टीघरात तिनं स्वतःचा स्टुडिओ थाटला. बियरमध्ये घालतात ती हॉप नावाची फुलं वाळवायची ती जागा. १९६२ साली गुलबेंकियन फाउंडेशनची आर्थिक मदत मिळाली आणि ग्रॅहम रेंच या इंजिनिअरच्या साथीनं तिनं एक यंत्र उभं केलं. त्याचं नाव 'ओरॅमिक्स'. सिनेमाच्या रिळासारख्या दहा पारदर्शक पट्ट्या शेजारी शेजारी एका वेगानं पुढं सरकायच्या. त्यांवर शाईनं रेघा, ठिपके, डोंगरासारखे चढउतार काढायचे. पट्टीवर उजेड पडायचा, शाई असेल तिथं अडायचा, आणि खालची उजेड ओळखणारी यंत्रणा त्याप्रमाणं आवाज घडवायची. एका पट्टीवर सूर किती उंच ते, दुसरीवर आवाज किती मोठा ते. डोंगर काढला तर आवाज चढून उतरायचा. आवाजाचा पोत कसा हवा, तेसुद्धा काचेवर रंगवून ठरवायचं.

ओरमचं चित्र आधी आणि आवाज नंतर. पट्ट्या रंगवा, मग चालवा, चूक झाली तर पुसा. आपण पुठ्ठ्यावर करतो त्यात चित्र आणि आवाज एकाच क्षणी. पुसायला गेलं तर पुसण्याचाही आवाज होतो आणि तोही त्यातच धरला जातो. मला व्यक्तिशः हे जास्त आवडतं. पण पट्टीवर हातानं रेघ काढून सूर घडवायची हिंमत त्या काळात एकट्या बाईनं केली, तिला तोड नाही.

तिचं एक काम, 'स्टिल पॉइंट' नावाचं, १९४९च्या सुमाराचं. दोन वाद्यवृंद आणि त्यांच्यासोबत तबकड्या फिरवून तिथल्या तिथं बदललेले आवाज, अशी रचना. बीबीसीनं ते घेतलं नाही. ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं २०१६ साली. ओरम २००३ सालीच गेली होती. तिचं यंत्र आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

आपल्या देशातही हे घडलं, तेही लवकर. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ साली विजेवरच्या संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकेतून मूग नावाचं वाद्ययंत्र आलं आणि ते लावून द्यायला डेव्हिड ट्यूडर नावाचे संगीतकार स्वतः आले. तिथं काम केलेल्या मोजक्या भारतीयांत गीता साराभाई होत्या. पखवाज शिकलेल्या बाई. त्या काळात पखवाजावर बाईचा हात म्हणजे लोकांना केवढं वाटलं असेल! १९४६च्या सुमारास त्या न्यूयॉर्कला गेल्या होत्या, तेव्हा जॉन केज या पुढं जगप्रसिद्ध झालेल्या संगीतकाराला त्यांनी आपलं संगीत शिकवलं आणि त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. अहमदाबादच्या स्टुडिओतल्या टेपा नंतर कपाटात गेल्या आणि कितीतरी दशकांनी पुन्हा हाती लागल्या. त्यांत गीताबेनचंही काम आहे.

आयत्या वेळी वाजवणं म्हणजे मनाला येईल ते बडवणं नव्हे, हे आम्हाला पहिल्याच दुपारी कळलं. सहा जणी सहा पुठ्ठ्यांवर एकदम खरडायला लागल्या आणि चक्कीत दगड पडल्यासारखा गोंधळ झाला. तेव्हा आक्काच म्हणाल्या, "जात्यावर असं नाही चालत. एकीची ओवी संपली की दुसरीनं धरायची." जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या, एक खुंटा, एक लय, आणि ओवी त्या क्षणी सुचेल तशी. माहेरचं कुणी आलं असलं तर तो ओवीत, सासूनं बोललं असलं तर तेही ओवीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावच्या साथीदारांना घेऊन जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाच्या वर आहेत. आयत्या वेळी रचायचं काम आपल्याकडं बायकांनी पिढ्यानपिढ्या केलंय, त्याला मैफल म्हणायची पद्धत नव्हती एवढंच. मग आम्ही तसंच ठरवलं. दोघींनीच रेघा ओढायच्या, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि एकीचा हात थांबल्याशिवाय दुसरीनं सुरू करायचं नाही. तिसरी बटणांवर.

बटणं म्हणाल तर आमच्याकडं हळदीला वाजतो तो चाकांचा ट्रॉली स्पीकर. त्यावर 'इको' लिहिलेली कळ असते. ती फिरवली की एक रेघ विहिरीत बोलल्यासारखी घुमत राहते. मोबाईलवर लूपची ॲप फुकट मिळतात. त्यांत चार सेकंदांचा आवाज धरला की तो भजनातल्या ध्रुपदासारखा पुन्हा पुन्हा येत राहतो आणि त्याच्यावर नवी रेघ चढवता येते.

घरी करायचं असेल तर तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीझो चकती मागा, दहा-वीस रुपयांची. वायर जोडलेलीच घ्या. नुसती मिळाली तर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून डाग लावून घ्या: एक वायर मधल्या पांढऱ्या भागाला, दुसरी कडेच्या पितळेला. पांढऱ्या भागावर तापलेली सळी क्षणभरच टेकवायची, नाहीतर थर निघून येतो. माझी पहिली चकती तशीच गेली. दुसऱ्या टोकाला माइकची जाड पिन. चकती पुठ्ठ्याच्या मागं घट्ट चिकटवा, सैल राहिली तर आवाज येत नाही. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. आम्ही ठेवला होता. स्पीकरनं टेबल हलतं, टेबलानं चकती हलते, ती पुन्हा स्पीकरमध्ये वाजते, आणि अशी शिट्टी बसली की पाळण्यातलं पोर दचकून उठलं. स्पीकर चार हात लांब जमिनीवर ठेवला की काम झालं. स्पीकर सेलवर किंवा त्याच्या आतल्या बॅटरीवर चालवला तर विजेची भुणभुणही येत नाही.

आमच्या सचिव वहिनींनी सरळ विचारलं, "याचं पैशात काय होतं?" खरं सांगायचं तर फारसं काही नाही. असं वाजवून घर चालवणारे जगातसुद्धा थोडेच. पण आमच्या रेडिओवर पाणीटंचाईवरचं नाटक बसतंय, त्यातला पाऊस यंत्रातून उतरवून घ्यायचा होता. तो आता रांगोळीचा असणार आहे. बैलगाडीचा कासरा ओढल्याचा आवाज खोडरबराचा. आणि ते मुद्रित करायला यंत्रावर आमच्याच गटातली सून बसली. तिथला पोरगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, ती कळ जरा हळू." एवढंच.

त्या दिवशी आम्ही अकरा जणींच्या सह्यांचे आवाज एकामागोमाग धरून ठेवले, नावं न सांगता. दुसऱ्या बैठकीत लावले. मास्तरीणबाईंची सही एका झटक्यात, 'सर्र' आणि खाली फराटा. वहिनींच्या सहीत शेवटी टिंबाचा 'टक'. मी स्वतःची ओळखू शकले नाही. सातवी लागली आणि आक्कांनी हात वर केला.

"ही माझी. जोडाक्षराला थांबते मी."

पुन्हा लावून ऐकलं. खरंच, मध्ये पेन्सिल थांबते, एक श्वास जातो, मग दाबून पुढं जाते. आक्कांनी ते चार वेळा लावायला सांगितलं. पाचव्या वेळी त्यांनी 'इको'ची कळ स्वतः फिरवली, जरा जास्तच, आणि त्यांचं नाव खोलीभर घुमत राहिलं.

पुढची बैठक नेहमीच्या दिवशी, दुपारी तीनला. पोरांच्या दप्तरातली पेन्सिलीची थोटकं टाकू नका, घेऊन या. पाटी असेल तर तीही आणा, फुटकी असली तरी चालेल.